ब्लॉक कुणाचा, चित्र कुणाचं

कथेतली नायिका खिडकीशी पूर्ण उभी दिसणार की नुसता तिचा चेहरा दिसणार, हे मराठी मासिकांत बराच काळ ना लेखक ठरवत असे, ना चित्रकार. ते ठरे ब्लॉकमेकरच्या दरावर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याच्या त्या काळात चित्र छापायचं म्हणजे आधी त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, आणि ब्लॉकची आकारणी चौरस इंचावर होई. संपादक कागदावर पट्टी ठेवून जागा मोजे, मनातल्या मनात गुणाकार करी आणि चित्रकाराला सांगे, ‘दोन कॉलम नको, एकातच बसवा.’ नायिकेचे पाय तिथेच कापले जात.

ब्लॉक दोन जातींचे. लाइन ब्लॉकमध्ये काळं आणि पांढरं, एवढंच. शाईनं काढलेल्या चित्राचा मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि जिथे रेघ नाही तिथला पत्रा आम्लाला खाऊ द्यायचा. उरलेल्या उंच रेघा लाकडी ठोकळ्यावर ठोकल्या की त्यांची उंची खिळ्यांच्या उंचीला येई आणि चित्र व मजकूर एकाच फर्म्यात छापता येई. हाफटोन ब्लॉकमध्ये करड्या छटा येत, कारण जाळीतून फोटो घेऊन चित्राचे बारीक ठिपके केलेले असत. पण ठिपक्यांचा ब्लॉक महाग आणि शिवाय नखरेल. साध्या वर्तमानपत्री कागदावर इंचाला पन्नास-साठ रेषांची भरड जाळीच चाले. तिच्याहून बारीक जाळी वापरली तर ठिपक्यांत शाई भरून सगळं काळं होई. बारीक जाळीला गुळगुळीत आर्ट पेपर लागे, आणि आर्ट पेपर परवडे तो मुखपृष्ठाला आणि आतल्या दोन-चार रंगीत पानांना.

मराठी कथाचित्रांत रेषेला जो मान मिळाला त्याची अर्धी कारणं या हिशेबात आहेत. उरलेली अर्धी चित्रकारांच्या हातात होती, हे कबूल. पण रेषा स्वस्त होती म्हणून रेषेचे उस्ताद तयार झाले, ही गोष्ट कलासमीक्षेत सहसा येत नाही.

ब्लॉकची आणखी एक बाब होती. त्याचे पैसे प्रकाशक देई, म्हणून छपाई झाल्यावर तो प्रकाशकाच्या कपाटात जाई. पुढच्या वर्षी एखाद्या कथेला चित्र नसलं की कपाट उघडायचं, रडणारी एखादी तरुणी शोधायची आणि नव्या कथेच्या डोक्यावर बसवायची. चित्रकाराला ना विचारणा, ना पैसे. मूळ चित्र तर बहुतेक वेळा ब्लॉकमेकरकडून परतच येत नसे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मराठी चित्रकाराचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या कपाटातल्या ब्लॉकशी त्यानं केलेली झटापट. कुणी ती जिंकली, कुणी टाळली, पुष्कळ जण हरले.

सुरुवातीला असा स्वतंत्र चित्रकार नव्हताच. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिथून रंगीत शिळाछापाची देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची चित्रं घरोघर गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पण ही कारखानदारी होती. एकाचं चित्र, दुसऱ्याचा दगड, तिसऱ्याचा रंग. लोकांना नाव ठाऊक असे ते फार तर छापखान्याचं.

नाव ठाऊक असलेला पहिला मोठा चित्रकार म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. कोल्हापूरचे धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. या काळाची हकिकत त्यांनी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या पुस्तकात सांगितली आहे. शाळेबाहेरचं त्यांचं काम थक्क करणारं आहे. मुंबईच्या गल्लीबोळांवरचं एस. एम. एडवर्ड्स यांचं पुस्तक १९१२ साली निघालं, किंकेडच्या दख्खनी कहाण्यांचं १९१४ साली आणि ऑटो रॉथफेल्डचं भारतातल्या स्त्रियांवरचं १९२० साली. या तिन्ही पुस्तकांना चित्रं धुरंधरांची. शिवाय पोस्टकार्डं होती, रेल्वेची जाहिरातचित्रं होती, मासिकं होती. पगडीवाला फेरीवाला, घोड्यावरचा साहेब, नऊवारीतली भाजीवाली असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. मात्र हे सगळं नोकरी सांभाळून. महिन्याच्या महिन्याला येणारा सरकारी पगार पाठीशी असल्यामुळे एखादा प्रकाशक बुडाला तरी धुरंधरांच्या घरची चूल विझणार नव्हती.

आणि प्रकाशक बुडत असत. मुंबईत हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ साली ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक काढलं. चित्रांवर त्यांच्याइतका सढळ खर्च त्या काळी क्वचितच कुणी केला असेल. रविशंकर रावळ, धुरंधर अशांची चित्रं मासिकात येत. पाच वर्षांच्या आत हाजी गेले, कर्ज मागे राहिलं आणि मासिक बंद पडलं. मराठीतले संपादक त्या मानानं हात राखून चालले. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा इथून सुरू झाली असं मानतात. त्याच वर्षी दादासाहेब फाळके तीनरंगी छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी जर्मनीला गेले होते. सिनेमाच्या नादात आपण फाळक्यांमधला छापखानेवाला विसरतो. पण रंगीत मुखपृष्ठाचा रस्ता ज्यांनी तयार केला त्यांत ते होते.

किर्लोस्करवाडीची तऱ्हा निराळी. १९२० साली कारखान्याचं वार्तापत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं, त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आली आणि १९३४ साली ‘मनोहर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. त्यांच्या व्यंगचित्रांना ‘टाकांच्या फेकी’ हे नाव त्यांनी स्वतःच दिलेलं. संपादकाच्याच हातात टाक असल्यावर बाहेरच्या चित्रकाराशी तो ज्या भाषेत बोलतो ती वेगळी असते. ‘छान काहीतरी काढा’ असं तो म्हणत नाही.

१९३५ साली जे. जे.मध्ये व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तोवर जाहिरात आणि मुखपृष्ठ ही कामं चित्रकलेच्या विद्यार्थ्याला दुय्यम वाटत, निदान तसं म्हणायची पद्धत होती. आता त्यांचं रीतसर शिक्षण मिळू लागलं. याच सुमारास मुंबईत औषधं, साबण, सिनेमा आणि विमा यांच्या जाहिराती वाढत होत्या. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित सिनेमाची प्रसिद्धिचित्रं आणि बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठं रंगवत होते. पगाराविना नुसत्या कुंचल्यावर मुंबईत घर चालवता येईल, असं तरुण मुलांना पहिल्यांदाच वाटू लागलं होतं.

त्यांत गोव्याची दोन मुलं होती. दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावात जन्मले, रघुवीर मुळगावकर त्यांच्याहून थोडे लहान. दोघंही मुंबईत आले, दोघांनीही मासिकं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं ढिगानं केली, आणि दोघांच्याही नावाचा दबदबा असा की लेखकाचं नाव वाचण्याआधी लोक चित्राच्या कोपऱ्यातली सही वाचत.

दलालांनी केनेडी ब्रिजजवळ स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ साली ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला. या निर्णयाकडे जरा थांबून पाहायला हवं. महायुद्धातल्या कागदटंचाईतून बाजार अजून सावरला नव्हता. अशा वेळी तिशीही न गाठलेला चित्रकार प्रकाशक होतो. लेखकांकडून कथा मागवतो, जाहिराती मिळवतो, कागद आणतो. हे धाडस कशासाठी? कारण साधं दिसतं. दुसऱ्याच्या अंकात चित्रकाराला जागा मिळत असे ती मजकुरातून उरलेली. ‘दीपावली’त मालक तोच. त्यात आर्ट पेपरवर रंगीत चित्रमालिका छापल्या गेल्या. त्या कुठल्या कथेला जोडलेल्या नव्हत्या. चित्र म्हणूनच पाहायच्या होत्या. शृंगारनायिका, ऋतू, काव्यातल्या प्रतिमा असे विषय चित्रकार निवडी आणि लेखक-कवी त्याच्या चित्राला शब्द देत. नेहमीचा क्रमच उलटा झाला. ब्लॉकचं कपाट दलालांच्या स्वतःच्या ताब्यात आलं.

मुळगावकरांनीही ‘रत्नप्रभा’ हा स्वतःचा अंक काढून तोच मार्ग धरला. त्यांचं हत्यार मात्र वेगळं. कुंचल्याऐवजी हवेच्या दाबानं रंग फवारणारा स्प्रे ते अशा सफाईनं वापरत की गालावरची छटा कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते डोळ्याला सापडत नसे. या गुळगुळीतपणाला पुढे समीक्षकांनी नाकं मुरडली. पण छपाईच्या बाजूनं पाहिलं तर मुळगावकरांना ठिपक्यांच्या ब्लॉकची नस बरोब्बर सापडली होती. कुंचल्याचे फटकारे जाळीत गढूळ होतात. फवाऱ्याची छटा नीट उतरते. त्यांच्या देवदेवतांची कॅलेंडरं घराघरांतल्या भिंतींवर गेली, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर त्यांनी काढलेल्या पिस्तूलधारी पुरुषांनी आणि घाबरलेल्या सुंदरींनी वाचनालयांतल्या रांगा वाढवल्या. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. प्रत्येक वेळी नवं मुखपृष्ठ हवं, आणि कथा मात्र तोवर लिहून झालेली असेलच असं नाही. अशा वेळी चित्रकारानं काय करायचं? नावावरून चित्र काढायचं. नावात ‘झुंजार’ आहे ना, मग कोट, हॅट आणि अंधार.

दलाल-मुळगावकर ही जोडी वाचकांनी चहाच्या टेबलावर वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध लढवली. दलालांची रेषा जास्त जिवंत, असं या लेखकाचं मत. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’चं मुखपृष्ठ किंवा बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तली चित्रं पाहताना कळतं की एखाद्या काळाचा पेहराव, घोडा, तलवारीची मूठ यांचा अभ्यास करून मग तो अभ्यास लपवता यावा लागतो. पुरंदऱ्यांच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मनात शिवकाल आजही दलालांच्या रेषेतच उभा आहे.

या माणसांचं वर्ष कसं जाई, ते दिवाळीवरून उलटं मोजलं की समजतं. अंक दिवाळीच्या आधी स्टॉलवर हवा, म्हणजे ब्लॉक भाद्रपदापर्यंत तयार, म्हणजे चित्रं आषाढ-श्रावणात. मुंबईत नेमका तेव्हा पाऊस कोसळत असतो. कागद दमट होतो, पोस्टर कलर वाळत नाहीत, शाईची रेघ पसरते. मध्येच गणपती येतात आणि ब्लॉकमेकरचे कारागीर कोकणात निघून जातात. मराठीत शेकडो दिवाळी अंक निघत आले आहेत, आणि सगळ्यांना चित्रकार हवे असतात ते एकाच दोन महिन्यांत. उरलेलं वर्ष पुस्तकांची मुखपृष्ठं, औषधांची वेष्टनं, लग्नपत्रिका, शाळेचे तक्ते, मिळेल ते.

काम हाती येई ते क्वचितच पूर्ण कथेच्या रूपात. हस्तलिखित जुळाऱ्याकडे गेलेलं असे. चित्रकाराकडे गॅली प्रूफ येई, किंवा संपादकाची चिठ्ठी येई. पात्रं किती, वयं काय, प्रसंग कोणता, जागा किती इंच. चांगले चित्रकार तरीही कथा मागत. कारण चिठ्ठीत ‘विधवा, वय तीस’ असतं; ती रागावलेली आहे की सुटलेली, हे कथेतच असतं. मग पेन्सिलीनं रफ. ते मंजूर झालं की पक्कं चित्र, छापायच्या आकाराच्या साधारण दीडपट. लहान करताना हाताचा कंप आणि रेघेचे खडबडीत काठ झाकले जातात, म्हणून मोठं काढायचं. मात्र दोन रेघा फार जवळ काढल्या तर आकुंचन पावून त्या एकमेकींना चिकटतील आणि तिथे शाईचा डबरा होईल, हेही आधीच ओळखायचं. चुकलेली रेघ पांढऱ्या रंगानं झाकायची. ब्लॉकमेकरला सूचना लिहायच्या त्या फिक्या निळ्या पेन्सिलीनं, कारण कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. नायिकेच्या पदरावर ‘इथे टिंट’ (म्हणजे ठिपक्यांची छटा) असं निळ्यात लिहिलेलं एखादं मूळ चित्र जुन्या संग्रहात पाहायला मिळालं तर ते छापील चित्रापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

मुखपृष्ठाचा विचार वेगळा करावा लागे. दिवाळी अंक स्टॉलवर दोरीला चिमट्यांनी टांगलेले असत. फूटपाथवरून चालणारा माणूस चार हातांवरून पाहणार, म्हणून चेहरा मोठा, डोळे थेट समोर, वरचा पट्टा अंकाच्या नावासाठी मोकळा. मुखपृष्ठावर बाईच का, या प्रश्नाचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधायचं कारण नाही. ते त्या दोरीवर आहे. शीर्षकाची अक्षरं खिळ्यांत मिळत नसत तेव्हा तीही हातानं काढावी लागत. त्यातून अक्षरांचा वेगळा धंदाच उभा राहिला आणि कमल शेडग्यांसारख्या माणसानं नाटकांच्या जाहिरातींत नावांनाच चेहरे दिले.

१९५० च्या आसपास अनंत अंतरकर ‘हंस’, ‘नवल’ आणि ‘मोहिनी’ ही मासिकं चालवत होते. बाईच्या चेहऱ्याचा हा पायंडा त्यांनी मोडला, तो शि. द. फडणीस या तरुणाला हाताशी धरून. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे, कोल्हापुरात वाढलेले आणि जे. जे.त शिकलेले फडणीस. १९५२ च्या ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावर त्यांनी बसथांबा काढला. शेजारी शेजारी उभे एक मुलगी आणि एक तरुण; एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. एकही शब्द नाही. रंगीत विनोदी चित्र आणि तेही थेट मुखपृष्ठावर, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. वाचकांना ते आवडलं आणि फडणिसांचं मुखपृष्ठ ही पुढची कित्येक वर्षं ‘मोहिनी’ची ओळख झाली.

शब्द नसल्याचा फायदा केवळ विनोदाला झाला नाही. असं चित्र कुठल्या कथेला बांधलेलं नसतं. ते अंकातून बाहेर पडून एकटं जगू शकतं. फडणिसांनी हे फार लवकर ओळखलं. मूळ चित्रं त्यांनी सांभाळली, ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं, संग्रह काढले, आणि चित्रावरचा हक्क हा विषय ते न कंटाळता मांडत राहिले. पाठ्यपुस्तक मंडळाच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी काढलेली चित्रं ज्यांनी शाळेत पाहिली, त्यांना अपूर्णांकांची भीती जरा कमी वाटली असेल. ‘रेषाटन’ या त्यांच्या आत्मकथनात धंद्याची ही बाजू मोकळेपणानं येते, आणि ते मराठीत दुर्मीळ आहे. आपल्याकडचे कलावंत प्रेरणेबद्दल भरभरून लिहितात आणि बिलाबद्दल गप्प बसतात.

वसंत सरवट्यांनी तिसरीच वाट काढली. तेही कोल्हापूरचे, पण व्यवसायानं स्थापत्य अभियंते. एसीसी या सिमेंट कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि संध्याकाळी चित्रं. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधली माणसं त्यांनी काढली, ‘ललित’ मासिक १९६४ साली सुरू झाल्यावर त्याच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं अनेक दशकं त्यांचीच होती. जयवंत दळवींच्या सदरातला हातोडेवाला ठणठणपाळ कसा दिसतो हे मराठी वाचकाला सरवट्यांनी सांगितलं. नोकरीमुळे त्यांना नको ते काम नाकारता येई. कथाचित्रानं मजकुराचा पुनरुच्चार करू नये, त्याला स्वतःचं काही म्हणणं हवं, हा विचार त्यांनी नुसता लिहिला नाही, चित्रांत पाळला. चाळीचं चित्र काढताना ते जिना काढतात, पाण्याचा नळ काढतात, आणि पुलंनी न सांगितलेला एखादा रहिवासी कठड्यावरून डोकावत ठेवून देतात. पोट दुसरीकडे भरलेलं असल्याशिवाय एवढी चैन परवडत नाही, असं एखादा पूर्णवेळ चित्रकार म्हणेल, आणि त्याचं चुकणार नाही.

आता कायदा. १९५७ सालचा आपला प्रताधिकार कायदा १९५८ च्या जानेवारीत अमलात आला. त्याचं १७ वं कलम चित्रकारांनी एकदा तरी वाचावं. वर्तमानपत्रात किंवा मासिकात नोकरी करणाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो, पण फक्त नियतकालिकात छापण्यापुरता. बाकीचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो. आणि बाहेरच्या माणसाकडून मोबदला देऊन पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक ठरतो तो पैसे देणारा. म्हणजे पगारी माणसाकडे थोडं तरी उरतं, आणि स्वतंत्र म्हणवणाऱ्याकडे काहीच नाही! गंमत अशी की या दुसऱ्या उपकलमात रेखाटनाचा उल्लेख नाही, जरी याच कायद्याच्या व्याख्येत रेखाटन आणि पेंटिंग वेगवेगळे मोजले आहेत. सरळ वाचलं तर शाईनं काढलेलं आतलं कथाचित्र चित्रकाराकडे राहायला हवं आणि रंगवलेलं मुखपृष्ठ प्रकाशकाकडे जायला हवं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी गिरगावातल्या किती चित्रकारांनी किंवा प्रकाशकांनी हे वाचलं असेल? व्यवहार तोंडी होत. पाकिटातून मानधन येई. काही वेळा नुसता अंक येई.

चित्रकाराच्या बाजूचं एक कलमही त्याच कायद्यात आहे. हक्क विकला तरी ‘हे चित्र माझं’ असं म्हणण्याचा आणि मोडतोडीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार ५७ व्या कलमानं चित्रकाराकडे ठेवला आहे. तरीही ‘मुखपृष्ठ व सजावट’ या ओळीत नाव न छापणारी पुस्तकं आजही निघतात.

ऑफसेट छपाई आली तशी चौरस इंचाची सत्ता संपली. रेघ असो की छटा, फिल्मवर खर्च सारखाच. कथाचित्रकारांना याचा आनंद व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. फोटो छापणं स्वस्त झालं आणि अनेक मासिकांनी चित्रांची जागा फोटोंना दिली. काहींनी आतली चित्रं काढूनच टाकली. जे टिकले ते बहुधा दुसऱ्या एखाद्या कामाच्या आधारानं. बेळगावचे रवी परांजपे चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे शिकले, मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात राहिले, नैरोबीतही काही वर्षं काम करून आले. वास्तुरचनाकारांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढून त्यांनी मोठं नाव केलं. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘ब्रश मायलेज’, आणि त्या दोन शब्दांत या धंद्याचा सगळा हिशेब आहे. सुभाष अवचट मुखपृष्ठांकडून कॅनव्हासकडे गेले. चंद्रमोहन कुलकर्णी, रविमुकुल यांच्यासारख्यांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ हेच आपलं मुख्य ठिकाण मानलं.

आजचा तरुण चित्रकार पुण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या एका खोलीत टॅबलेटवर चित्र काढतो आणि फाइल पाठवून देतो. मूळ चित्र हरवण्याचा प्रश्न मिटला, कारण मूळ कागद असा उरलाच नाही. ‘एवढा एक बदल करून द्या’ मात्र सातव्यांदाही येतं. पूर्वी एका फेरबदलासाठी माणूस लोकल पकडून यायचा, तेव्हा सूचना विचार करून दिल्या जात. आणि आता कुणाचीही शैली ढापून क्षणात चित्र बनवणारी यंत्रं आली आहेत. जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं त्यांत कच्चा माल म्हणून गेली असतील तर दलालांच्या नायिकेची मान कुठल्यातरी अनोळखी जाहिरातीत वळलेली दिसली तरी नवल नाही. ब्लॉकचं कपाट फार मोठं झालं आहे आणि किल्ली कुणाकडे आहे तेही आता दिसत नाही.

म्हणून नव्या चित्रकारानं बिलावर दोन ओळी लिहायची सवय लावून घ्यावी: हक्क चित्रकाराकडे, वापर फक्त या आवृत्तीपुरता. लेखी हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, हेही लक्षात ठेवावं. आणि ज्यांच्या माळ्यावर जुने ‘दीपावली’, ‘रत्नप्रभा’, ‘मोहिनी’ पडून असतील त्यांनी चित्रं समाजमाध्यमांवर टाकताना सही कापू नये. चित्रकाराचं नाव, अंक आणि वर्ष सोबत लिहावं. प्रताधिकार निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच सर्वांना खुली झाली आहेत. दलाल जानेवारी १९७१ मध्ये गेले आणि मुळगावकर १९७६ मध्ये. दलालांची चित्रं १ जानेवारी २०३२ पासून खुली होतील, मुळगावकरांची १ जानेवारी २०३७ पासून. तोपर्यंत ती वापरायची तर परवानगी घ्यावी लागेल.